मार्क ट्वेनच्या कादंबऱ्यांतील फरारी

ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत, सह्याद्रीच्या धारेला लागून, सिद्धगड नांवाचा किल्ला आहे. पायथ्याकडे नारिवली गांव, वर माचीवर थोड्या घरांची वाडी, सभोंवार दाट रान आणि पलीकडे भीमाशंकरचा डोंगर. २ जानेवारी १९४३ रोजीं या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल व हिराजी पाटील हे दोन वीर धारातीर्थीं पडले. १९४२ च्या ऑगस्टांत ‘छोडो भारत’चा पुकारा झाल्यावर कोतवालांच्या आझाद दस्त्यानें मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले, सरकारनें कोतवालांना पकडून देणारास बक्षीस जाहीर केलें, दस्ता रानांत शिरला, आणि शेवटीं पोलिसांना त्याचा सुगावा लागला. दरवर्षीं २ जानेवारीस तेथील स्मारकापाशीं लोक जमतात आणि या दोघांचीं नांवें घेतात. परंतु अशा प्रत्येक इतिहासांत आणखी एक माणूस असतो, आणि त्याचें नांव कोठेंच लिहिलेलें नसतें. रानांत लपलेला मनुष्य कोणाच्या तरी भाकरीवर जगतो. ती भाकर भाजणारा, आणि वाट विचारणाऱ्या शिपायाला ‘ठाऊक नाहीं’ म्हणून सांगणारा, तो हा माणूस.

त्याच्या मनांत त्या वेळीं काय चाललेलें असतें? कायदा त्याला सांगतो, फरारी धरून दे. बक्षिसाची जाहिरात सांगते, धरून देशील तर तुझें दैन्य फिटेल. भीति सांगते, न देशील तर तुरुंगांत जाशील. कित्येकदां गांवांतील चार शहाणीं माणसेंहि तेंच सांगतात. तरीहि दाराआड लपलेल्या माणसाला तो हुसकून लावीत नाहीं. सरकारी दप्तर याचें कारण सांगत नाहीं. दप्तरांत फरारी असतो, खबऱ्या असतो, बंदोबस्ताचा खर्चहि असतो. थारा देणारा मात्र सांपडला तरच आरोपी म्हणून त्यांत शिरतो, न सांपडला तर जणूं तो कधीं नव्हताच. जें दप्तराला सांपडत नाहीं तें कधीं कधीं कादंबरीकाराला सांपडतें. पळालेला माणूस आणि त्याला थारा देणारा माणूस या जोडीपाशीं ज्याची लेखणी पुनःपुन्हां येऊन थबकली, असा एक उपहासपटु लेखक एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत होऊन गेला. त्याचें नांव मार्क ट्वेन.

हें नांव टोपण आहे. खरें नांव सॅम्युएल क्लेमेन्स. त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजीं मिसूरी संस्थानांत झाला, आणि बालपण मिसिसिपी नदीच्या कांठीं हॅनिबल या गांवीं गेलें. तरुणपणीं तो या नदीवर आगबोटींचा वाटाड्या होता. पाण्याची खोली मोजणारा खलाशी दोन वांव पाणी लागलें कीं ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी देई. दोन वांव म्हणजे बारा फूट, बोटीला निर्धोक पाणी. त्या आरोळीचेंच त्यानें आपलें नांव केलें. जगानें त्याला विनोदी लेखक म्हणून डोक्यावर घेतलें, परंतु ज्या पाण्यावरून त्याची नाव चालली तें मुळींच निर्धोक नव्हतें. मिसूरींत गुलामगिरी कायदेशीर होती. त्याच्या बापानें गुलाम बाळगले होते. गुलाम बाळगणें पाप आहे असें आपल्याला लहानपणीं ना घरीं कोणी सांगितलें, ना चर्चमध्यें, उलट त्याला देवाची संमति आहे असेंच ऐकविलें जाई, हें त्यानेंच आपल्या आत्मचरित्रांत नमूद करून ठेविलें आहे. भलीं, दयाळू, देवभीरु माणसें एखाद्या महापापाला धर्म कसें समजतात, हें कोडें त्याला घरांतच घातलें गेलें, आणि तें आयुष्यभर सुटलें नाहीं.

१८७३ सालीं प्रसिद्ध झालेलीं दोन पुस्तकें येथें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. पुण्यास जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, आणि गुलामांना दास्यांतून सोडविल्याबद्दल अमेरिकेंतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्याच वर्षीं अमेरिकेंत ट्वेननें चार्ल्स डडली वॉर्नर या मित्राबरोबर ‘द गिल्डेड एज’, म्हणजे मुलाम्याचें युग, ही कादंबरी काढून आपल्या देशांतील लांचखोर राजकारणाची आणि जमिनीच्या सट्ट्याची यथेच्छ टवाळी केली. पुण्याहून जें सोनें दिसत होतें तें घरच्या माणसाला मुलामा दिसत होतें. आणि दोघांचेंहि पाहणें खोटें नव्हतें. १८६५ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी खरोखरच गेली होती. तिनें घडविलेलीं मनें मात्र गेलीं नव्हतीं. ट्वेनचें यानंतरचें उत्तम लेखन या मनांविषयीं आहे.

त्यांत पहिला मान ‘हकलबरी फिन’ या कादंबरीचा. ती इंग्लंडांत १८८४ च्या अखेरीस आणि अमेरिकेंत १८८५ च्या आरंभीं निघाली. कथा मात्र गुलामगिरी नांदत असतांनाची आहे. हक हा एका दारुड्याचा पोरका झाल्यासारखा वाढलेला मुलगा. जिम हा मिस वॉटसन या धर्मशील बाईचा गुलाम. आपल्याला आठशें डॉलरांना दूर दक्षिणेंत विकण्याचा विचार चालला आहे असें कानीं पडतांच जिम पळतो, आणि बापाच्या माराला कंटाळून पळालेला हक त्याला भेटतो. दोघे एका तराफ्यावरून मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर रात्रींचे जाऊं लागतात. पळालेला गुलाम धन्यास परत करण्याचा कायदा अमेरिकेंत १७९३ पासून होता. १८५० सालीं तो इतका कडक करण्यांत आला कीं, थारा देणारास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकत असे. सारांश, तराफ्यावरील मुलगा कायद्याच्या दृष्टीनें गुन्हेगार होता. विशेष हें कीं, तो स्वतःच्या दृष्टीनेंहि गुन्हेगारच होता.

एके रात्रीं बंदुका घेतलेले दोन पुरुष लहान होडींतून त्याला गांठतात आणि तराफ्यावरचा माणूस गोरा कीं काळा म्हणून विचारतात. हक ‘गोरा’ म्हणून सांगतो, आणि तराफ्यावर देवीचा रोगी आहे असा त्यांचा समज होऊं देतो. ते भिऊन मागें सरतात. पण मनाची टोंचणी घालविण्यासाठीं प्रत्येकीं वीस डॉलरचें सोन्याचें नाणें फळीवर ठेवून त्याच्याकडे सोडून देतात. माणूस धरावयास निघालेले हे लोक दुष्ट नाहींत. रोगी बापाच्या मुलाची त्यांना दया येते. काळ्या माणसाची दया येण्याची जागा मात्र त्यांच्या मनांत कोणी ठेवलेलीच नाहीं. पुढें एक लफंगा जिमला चाळीस डॉलरांस विकून टाकतो. त्या वेळीं हकचें मन त्याला खाऊं लागतें: एका गरीब बाईनें तुझें काय वाईट केलें होतें, म्हणून तूं तिची मालमत्ता पळविलीस? तो मिस वॉटसनला जिमचा ठावठिकाणा कळविणारें पत्र लिहितो, आणि लिहितांच त्याला पापमुक्त झाल्यासारखें वाटतें. मग त्याला प्रवासांतील रात्री आठवतात. आपली झोंप मोडूं नये म्हणून आपल्या वांट्याचा पहारा स्वतः करणारा जिम आठवतो. तो पत्र फाडतो, आणि नरकांत जावें लागलें तरी जाऊं असें ठरवितो.

या प्रसंगाचें मर्म असें कीं, आपण सत्कृत्य करीत आहों असें हकला क्षणभरहि वाटत नाहीं. तो स्वतःला पापी समजूनच तें करतो. निकोप अंतःकरण आणि बिघडविलेली सदसद्विवेकबुद्धि यांची टक्कर होते व बुद्धि हरते, अशा आशयाचें टिपण ट्वेननें या पुस्तकाविषयीं १८९५ सालीं केलें होतें. आपल्याकडे अंतरात्म्याचा आवाज हा देवाचा आवाज मानण्याची रीत आहे. ट्वेनला तसें वाटत नसे. त्याच्या मतें हा आवाज बहुधा शेजाऱ्यांचा असतो. लहानपणीं कानावर पडलेलें तेंच पुढें आंतून ऐकूं येऊं लागतें. हा विचार प्रबंधांत मांडला असता तर चार पंडितांनीं वाचला असता. अडाणी मुलाच्या तोंडीं घातल्यामुळें तो घरोघर गेला. ज्या रूढीवर घाव घालावयाचा तिच्याच उपासकाकडून कथा वदवावयाची, ही युक्ति मराठी वाचकाला अपरिचित नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’तील सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांनीं रूढींचें हंसें कसें करविलें तें त्याला ठाऊक आहे.

१८८९ सालच्या ‘ए कनेक्टिकट यँकी’ या कादंबरींत हाच प्रश्न दुसरा वेष घेऊन येतो. एक अमेरिकन कारागीर चमत्कारानें प्राचीन इंग्लंडांत, आर्थर राजाच्या काळीं जाऊन पडतो. पुढें तो आणि राजा वेष पालटून खेड्यापाड्यांतून हिंडत असतां एका जहागीरदाराचा वाडा जळून तो मारला गेल्याची, आणि त्याचे कैदी पळाल्याची वार्ता येते. गांवचे गरीब लोक दोर घेऊन निघतात आणि आपल्याच शेजाऱ्यांना झाडांवर लटकवितात. कर्जत-मुरबाडकडील कातकऱ्यांप्रमाणें कोळसे पाडून पोट भरणारा एक माणूसहि त्यांत असतो. कारागीर त्याला विश्वासांत घेतो, तेव्हां तो हळूच कबूल करतो कीं, जहागीरदार मेला याचा आपल्याला आनंदच झाला आहे. दोर हातीं घेतला तो केवळ भीतीनें, न घेतला तर आपल्यावरच संशय येईल म्हणून. जुलमी राज्य कशावर उभें असतें याची याहून नेमकी चिकित्सा सांपडणें कठीण. तें शिपायांच्या बंदुकांवर जितकें उभें असतें तितकेंच, एकमेकांना भिऊन आपल्याच माणसाला धरून देणाऱ्या गरिबांवर. पुढें हाच राजा गुलाम म्हणून बाजारांत विकला जातो, आणि गळ्यांत जोखड पडल्यावरच गुलामगिरी म्हणजे काय तें त्याला कळतें.

वेष बदलला कीं माणूसहि बदलतो, हा ट्वेनचा दुसरा आवडता विषय याच मुळांतून फुटलेला आहे. ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ या १८८१ सालच्या कादंबरींत राजपुत्र आणि भिकाऱ्याचा पोर यांनीं कपडे बदलतांच सारा दरबार फसतो. तेथें हा खेळ आहे. १८९४ सालच्या ‘पडन्हेड विल्सन’मध्यें तोच शाप होतो. रॉक्सी ही दासी दिसावयास गोरीच, सोळांत पंधरा वांटे गोऱ्या रक्ताची. पण एका सोळाव्या वांट्यामुळें ती गुलाम, आणि तिचें मूलहि गुलाम. तें विकलें जाऊं नये म्हणून ती पाळण्यांतच आपलें मूल आणि धन्याचें मूल यांची अदलाबदल करते. वीस-बावीस वर्षांनीं एका खुनाच्या खटल्यांत बोटांच्या ठशांवरून खरें उघडकीस येतें. ठशांचें हें शास्त्र हिंदुस्थानांतील अनुभवांतूनहि वाढलें होतें. बंगालमध्यें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें १८५८ सालापासून त्यांचा प्रयोग केला होता. ठसा खरें सांगतो. पण न्याय होतो का? जो गोरा मुलगा गुलाम म्हणून वाढला त्याला मालकी परत मिळते, आणि त्याला ना बैठकींत बसवतें, ना स्वयंपाकघराखेरीज कोठें चैन पडतें. जो मालक म्हणून वाढला त्या खुन्याला सावकारांच्या अर्जावरून माफी मिळते, कारण गुलाम ही किंमतवान वस्तु असल्यामुळें तिला कोंडून ठेवणें म्हणजे नुकसान. आणि तो दक्षिणेंत विकला जातो. कायद्याचें बोट अचूक असूनहि कायदा किती आंधळा असूं शकतो, तें एवढ्यावरून दिसतें.

तिसरा विषय बक्षिसाचा. १८९९ सालीं ट्वेननें हॅडलीबर्ग या कल्पित गांवाची गोष्ट लिहिली. प्रामाणिकपणाबद्दल पंचक्रोशींत विख्यात असलेल्या या गांवानें पूर्वीं एका परक्याला दुखविलें होतें. तो सूड म्हणून एक पोतें आणून ठेवतो. त्यांत चाळीस हजार डॉलरांचें सोनें आहे आणि कोणे एके काळीं आपल्याला मदत करतांना ज्यानें अमुक शब्द उच्चारले त्याला तें द्यावें, अशी चिठ्ठी जोडतो. मग गांवांतील एकोणीस प्रतिष्ठितांना तो निरनिराळीं पत्रें लिहून ते शब्द कळवितो. एकोणीसच्या एकोणीस खोटें बोलतात. पोत्यांत सोन्याचा मुलामा दिलेलें शिसें निघतें. मोहापासून दूर ठेवलेला प्रामाणिकपणा हा प्रामाणिकपणाच नव्हे, हें या कथेचें तात्पर्य. फितुरी करणारा निराळ्या मातीचा राक्षस असतो असें मानणें सोईचें असतें. ट्वेन ती सोय ठेवीत नाहीं. त्याच्या लेखीं तो आपल्याच आळींतला, पूजाअर्चा नेमानें करणारा गृहस्थ असूं शकतो.

या लेखकाचा महाराष्ट्राशीं प्रत्यक्ष संबंधहि आला होता. छापखान्यासाठीं खिळे जुळविणाऱ्या एका यंत्रांत त्याचा पैसा बुडाला, त्याची प्रकाशनसंस्था १८९४ सालीं कोसळली, आणि कर्ज फेडण्यासाठीं साठीच्या उंबरठ्यावर तो जगभर व्याख्यानें देत निघाला. १८९८ पर्यंत त्यानें सर्वांचें देणें फेडलें. या दौऱ्यांत जानेवारी १८९६ मध्यें तो मुंबईस उतरला. तेथें अठरा वर्षांचे तिसरे आगाखान त्याला भेटावयास आले. आपले अनुयायी ज्यांना देवासमान मानतात त्या पाहुण्यानें हक फिनच्या तत्त्वज्ञानाची गोष्ट काढावी, याचें त्याला मोठें कौतुक वाटलें. परंतु मुंबईंतील दुसरा एक प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. हॉटेलांत सामान लावतांना एका धिप्पाड जर्मनानें कांहीं न सांगतां नोकराच्या थोबाडींत मारली. नोकरानें ती निमूटपणें सोसली. ट्वेनच्या डोळ्यांपुढें एका क्षणांत पन्नास वर्षांपूर्वींचें मिसूरी उभें राहिलें. गुलामाला आपली इच्छा कळविण्याची तेथील रीत हीच होती. शांत स्वभावाचा आपला बाप घरच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठीं चापट मारी, हें त्याला आठवलें. आणि आपण दहा वर्षांचे असतांना एका गोऱ्यानें लहानशा कारणावरून लोखंडाच्या दगडाचा तुकडा फेंकून एका गुलामाला ठार केलें, तेंहि आठवलें. १८९७ सालीं निघालेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनांत हें सारें त्यानें लिहून ठेविलें आहे. कादंबऱ्यांतून जें तो वेषांतर करून सांगत आला होता तें मुंबईच्या एका खोलींत त्याला उघड्या चेहऱ्यानें भेटलें.

व्याख्यानासाठीं तो पुण्यासहि गेला. त्या लोहमार्गाच्या पूर्वेस नेरळ-कर्जतपासून सह्याद्रीची जी भिंत दिसते, सिद्धगड तिच्याच रांगेंतला. पुढें अलाहाबादेस जातांना रात्रीच्या गाडीनें तो शहापूर तालुक्यांतून, आसनगांव-कसाऱ्यावरून, घाट चढून गेला. या डोंगरांचें नांवहि त्याला माहीत असण्याचें कारण नव्हतें.

त्याचे दोषहि सांगितले पाहिजेत. मुंबईंत एका नोकराच्या गालावरची चापट पाहून ज्याला आपला देश आठवला, त्यानेंच त्या प्रवासवर्णनांत इंग्रजी राज्यकारभाराची वाखाणणी केली, आणि १८५७ ची हकीकत बहुतांशीं इंग्रज लेखकांच्या डोळ्यांनीं पाहिली. साम्राज्यशाही म्हणजे मोठ्या प्रमाणावरची तीच चापट आहे, हें स्पष्ट म्हणावयास त्याला आणखी कांहीं वर्षें लागलीं. अमेरिकेनें फिलिपाइन्स बेटें गिळल्यावर १९०१ सालीं त्यानें जळजळीत लेख लिहिला, आणि तेव्हांपासून १९१० मध्यें मृत्यु येईपर्यंत तो साम्राज्यविरोधी संघाचा उपाध्यक्ष होता. ‘हकलबरी फिन’च्या शेवटच्या प्रकरणांत जिमच्या सुटकेचा टॉम सॉयर जो पोरखेळ मांडतो तोहि अनेकांना खुपतो. ज्याच्या जिवावर कादंबरी उभी आहे त्या जिमचें मन तींत बाहेरूनच दिसतें. ही उणीव पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या अमेरिकन लेखकानें २०२४ सालीं ‘जेम्स’ ही कादंबरी लिहून, तीच कथा जिमच्या तोंडून वदवून, भरून काढली. फरारी शेवटीं स्वतः बोलूं लागला, त्याला एकशें चाळीस वर्षें जावीं लागलीं.

आतां पुन्हां सिद्धगडाकडे वळल्यास दोन्ही गोष्टींतील भेद आधीं ध्यानांत येतो. जिम केवळ स्वतःच्या सुटकेसाठीं पळाला होता. कायद्याचें शिक्षण घेतलेले कोतवाल कायद्याविरुद्ध जाणूनबुजून उभे राहिले होते, आणि त्यांच्यामागें एका राष्ट्राची चळवळ होती. हकला चांगलें म्हणून जें शिकविलें होतें तें सारें जिमच्या विरुद्ध होतें; १९४२ सालच्या खेडुताला निदान दुसरा आवाज ऐकूं आला होता, सरकारचा कायदा आणि न्याय या दोन वस्तु वेगळ्या असूं शकतात हें सांगणारीं माणसें त्याच्या गांवापर्यंत पोंचलीं होतीं. हकच्या बाजूनें कोणीच नव्हतें. एवढा फरक मान्य करूनहि एक क्षण दोघांना सारखाच राहतो. बाहेर शिपाई उभा आहे, आंत भुकेलेला माणूस आहे, आणि मधें उंबरठ्यावर आपण एकटे आहों. त्या क्षणीं चळवळ, ग्रंथ, पुढारी यांपैकीं कोणी जवळ नसतें. चाळीस डॉलर असोत कीं सरकारी बक्षीस, मोह तोच असतो. कोळसे पाडणाराला वाटलें तें भय तेंच असतें.

त्या उंबरठ्यावर कोणी बातमी सांगितली आणि कोणी भाकर दिली. ट्वेन वाचल्यावर पहिल्याकडे पाहतांना आपण त्याच्या जागीं खात्रीनें निराळे वागलों असतों असें म्हणण्याचा धीर होत नाहीं. आणि दुसऱ्याकडे पाहतांना मान आपोआप लवते, कारण आपण कांहीं मोठें केलें असें त्याला बहुधा वाटलेंहि नसेल. सिद्धगडच्या स्मारकाकडे जाणारी वाट आजहि खेड्यांवरूनच जाते. २ जानेवारीस तेथें जाणाऱ्यानें दोन हुतात्म्यांचीं नांवें घेतल्यावर, वाटेंतल्या घरांकडेहि एकवार पहावें.